आण गावाची, गूळ कौशीचा

दिवाळीत सगळं जग फराळाचं ताट पुढं करतं आणि मी आयुष्यभर लोकांना ते मागं सारायला सांगत आलो. त्यामुळे दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मला नवलच वाटलं. पण माझ्या नोकरीतली सर्वांत आनंदाची गोष्ट गुळाचीच आहे. सर्वांत मोठी चूकही त्याच गोष्टीत आहे. दोन्ही सांगून टाकतो.

तो निजामाच्या राज्यातला, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला काळ. मी तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. माझे वडील कळंबच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर धान्य मापायचे आणि सही म्हणून अंगठा उठवायचे. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. माझं डॉक्टरीचं शिक्षण हैदराबादला सगळं उर्दूतून झालं, म्हणून लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहाला मी 'झियाबेतूस' म्हणून ओळखत होतो. 'मधुमेह' हा शब्द मला पुढं सोलापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून कळला. असा आजार झालेली मुलं मी शिकताना दोन पाहिली होती, तीही खाटेच्या पायथ्याशी बसून टिपणं घेताना. त्यांच्या घरी पुढं काय झालं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

एके सकाळी तामलवाडीकडच्या एका गावाहून सुंदराबाई नावाची बाई तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी कौसल्या. सगळे तिला कौशी म्हणत. सोबत मुलीचे आजोबा गणपतआबा होते. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

सुंदराबाई म्हणाली, "डाक्टर, पोरगी लई पानी पिती. रांजन उपसती नुसता. खाती बी दोघांचं. आन् बगा, वाळून काटकी झालीया."

"आणखी काही?"

तिनं आबांकडे पाहिलं. मग आबाच खाकरून म्हणाले, "न्हानीत मुंग्या लागत्यात. ही जाऊन आली की रांगच लागती. आमी म्हनलं कुनाची नजर हाय."

मी मुलीजवळ वाकलो. श्वासाला फार पिकलेल्या पेरूसारखा वास होता. तिची लघवी परीक्षानळीतल्या निळ्या औषधात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला, मग पिवळा, आणि बघता बघता भाजलेल्या विटेसारखा लाल.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण खातो त्याची शरीरात साखर होते. ती रक्तातून आत घ्यायला एक रस लागतो, त्याला इन्सुलिन म्हणतात. अशा मुलांच्या शरीरात तो रस तयारच होत नाही. मग खाल्लेलं सगळं पाण्यासारखं वाहून जातं आणि मूल भरल्या ताटावर उपाशी मरतं. बाहेरून तो रस सुईनं रोज द्यावा लागतो, जन्मभर. एक दिवसही सुट्टी नाही.

माझ्याकडे इन्सुलिनची एक बाटलीही नव्हती. दुपारच्याच सर्व्हिस मोटारीनं मी मायलेकींना घेऊन सोलापूरला गेलो. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होतं आणि औषध तिथं मिळत होतं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पंधरा दिवस मुलीला ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी कौशी उठून बसली आणि भाकरी मागायला लागली. आठव्या दिवशी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईशी भांडण काढलं. डॉक्टर मला म्हणाले, "आता ही जगणार. पण इथून पुढं औषधापेक्षा शिकवणं महत्त्वाचं. आईला शिकवा आणि मुलीला त्याहून आधी शिकवा."

आईला मी मन लावून शिकवलं. काचेची पिचकारी उकळायची कशी, बाटलीतून औषध रेघ बघून ओढायचं कसं, हे ती बाई दोन दिवसांत शिकली. इन्सुलिनला ऊन सोसत नाही, म्हणून मडकं ओल्या वाळूत पुरून त्यात बाटली ठेवायची. सुई बोथट झाली की गावचा न्हावी वस्तऱ्याच्या दगडावर ती घासून द्यायचा आणि म्हणायचा, "एवढ्या बारीक गिऱ्हाइकाची हजामत म्या कदी केली न्हाय." भाकरी तोलून द्यायची होती. मापाड्याच्या मुलाला तराजू काय नवा? तो मीच आणून बांधून दिला.

मुलीला मात्र मी काही शिकवलं नाही. नऊ वर्षांचं लेकरू, त्याला काय कळणार, असं मला वाटलं. मी तिला फक्त 'शहाणी आहेस' म्हणायचो आणि ती तोंड फिरवायची.

औषध सोलापूरहून आणायचं तर वाटेत निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका लागे. हद्दीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तिथं तपासणी व्हायची. पहिल्याच खेपेला तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं माझी पेटी उघडली आणि बाटली उन्हात धरली.

"डाक्टरसाब, ये क्या चीज है?"

"दवा है. झियाबेतूस की. मेहरबानी करके धूप में मत पकडो."

त्यानं चटकन बाटली पदराआड घ्यावी तशी शेरवानीआड घेतली. "किसको है?"

"नौ साल की बच्ची को."

स्वतःच्या सुरईवरचं ओलं फडकं काढून त्यानं बाटलीभोवती गुंडाळलं आणि मला जायची खूण केली. तेव्हापासून माझी पेटी त्या नाक्यावर थांबली नाही, पण मला थांबावं लागायचं. "बच्ची कैसी है? वजन बढा क्या?" याचं उत्तर दिल्याशिवाय तो सोडायचा नाही.

आणि उत्तर देणं मला जड जायला लागलं होतं. कारण कौशी घरी आल्यावर महिनाभर नळीतला रंग लालच येत राहिला. सुई वेळेवर, भाकरी तोलून, तरी वीट ती वीटच. मी मात्रा वाढवली. फरक पडला नाही. सुंदराबाई माझ्यापुढं रडली. "म्या कनभर जादा देत न्हाय, डाक्टर. गळ्याशपथ." ती खोटं बोलत नव्हती.

एका मंगळवारी मी सायकलवरून अवचित गावात गेलो तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी भवानीच्या नावानं बायका परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतात. कौशीची आजी, म्हणजे आबांची बहीण सोनाआत्या, परडी घेऊन पुढं चालली होती आणि कौशी तिच्या मागं. आमच्या भागात दाराशी आलेल्या लेकराला रिकाम्या हातानं कुणी परत पाठवत नाही. प्रत्येक घरातून पीठ परडीत पडत होतं आणि गुळाचा खडा कौशीच्या हातावर. तिच्या आजाराची बातमी गावभर झाली होती, म्हणून खडा नेहमीपेक्षा मोठाच. "बिचारीला घरात गोडाचं नाव न्हाय," असं म्हणून एका बाईनं तर माझ्यादेखत दोन खडे ठेवले.

मी सोनाआत्यांना अडवलं. त्या माझ्यावरच उखडल्या. "देवीच्या नावाचा गूळ त्यो. तुमचं औषिद देवीपरीस मोठं हाय व्हय?"

मी आबांना गाठलं आणि जरा कडकच बोललो. नातीला जगवायचं असेल तर गावानं गोड बंद केलं पाहिजे, एक कणही नको, हे विष आहे. आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या सांगन्यानं चार दिस ऐकतील. पाचव्या दिशी कुनाला तरी दया यील. ह्याला आनच पायजे."

शुक्रवारी सगळं गाव भवानीच्या देवळात जमलं. आमच्याकडची सर्वांत मोठी शपथ म्हणजे बेलभंडारा उचलणं. बेलाचं पान आणि हळदीच्या भंडाऱ्याची चिमूट तळहातावर घेऊन देवीसमोर शब्द द्यायचा. तो मोडला तर ज्याच्यासाठी दिला त्याच्यावरच उलटतो, असं मानतात. आबा म्हणाले, "पैल्यांदा डाक्टरांनी उचलावा. म्हंजी गावाला कळंल, शिकलेला मानूस बी मानतो."

मी पुढं झालो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. शहरातल्या कुठल्या डॉक्टरला एवढा अधिकार कुणी दिला असता? 'कौसल्येच्या हातावर मी गोड ठेवणार नाही' असं मी म्हणालो आणि माझ्यामागून घराघरातल्या माणसांनी म्हटलं. एकट्या सोनाआत्या खांबाला टेकून म्हणाल्या, "लेकराला गोड द्यायचं न्हाय ही कसली गं बाई आन." पण त्यांनीही उचलला.

पंधरा दिवसांत नळीतला रंग उतरला. लालाचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. कौशीच्या गालावर मांस दिसायला लागलं. मी सोलापूरला ऐटीत पत्र लिहिलं. नाक्यावरच्या कारकुनाला बोटांनी वजन दाखवलं.

ऐटीत असलो की माणूस एक गोष्ट हमखास विसरतो. गोड चालू होतं तेव्हा मी औषधाची मात्रा वाढवली होती. गोड थांबल्यावर ती उतरवायला हवी होती. मी ती तशीच ठेवली. इन्सुलिन जास्त झालं आणि पोटात अन्न कमी असलं की साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, मूल चिडतं, असंबद्ध बोलतं. तेवढ्यात साखर नाही मिळाली तर शुद्ध जाते आणि जीवही जाऊ शकतो. त्या वेळी गूळ हेच औषध. हे मी सुंदराबाईला एकदा सांगितलं होतं, पण घाईत सांगितलं होतं. त्याच तोंडानं गावाला मात्र 'विष' हा शब्द चांगला ठासून सांगितला होता.

पौषात आबांनी मला हुरड्याला बोलावलं. सकाळची थंडी होती. शेतात आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसं भाजत होते. बारा-पंधरा माणसं गोल बसली होती. प्रत्येकापुढं पळसाच्या पानावर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. कौशीला सुई देऊन आणली होती, आणि हुरडा खायचाच आहे म्हणून घरची भाकरी दिली नव्हती. पण हुरडा भाजायला वेळ लागला आणि ती तोवर पोरींबरोबर बांधावरून पळत राहिली.

मी आबांना लढाईच्या बातम्या सांगत होतो. मागं कौशी चुलत बहिणीची वेणी ओढून तिला शिव्या देत होती. सुंदराबाई म्हणाली, "आज सकाळधरनं लई किरकिर करतीया. मार खायाचाय का गं?"

कौशी आमच्याजवळ येऊन मटकन बसली. मी सहज तिच्याकडे पाहिलं. एवढ्या थंडीत तिचं कपाळ घामानं निथळत होतं. बोटं थरथरत होती.

मी ओरडलो, "गूळ द्या हिला. लवकर."

कुणीही हाललं नाही.

"अहो, गूळ द्या. साखर उतरलीय तिची."

आबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "डाक्टर, आन घेतलीया."

"आबा, आता हे औषध आहे."

"आईच्या म्होरं बोललो ते बोललो. तवा तुमीच म्हनला, इख हाय. आता औषिद म्हंता. आन मोडली आन् पोरीवर उलटली तर कुनी बगायचं?"

सुंदराबाईच्या मुठीत गुळाचा खडा होता. ती मूठ उघडत होती आणि मिटत होती. "म्या द्यू का, मामंजी? द्यू का?" तिला रडू फुटलं होतं, पण हात पुढं होत नव्हता.

आता मला जे लिहायचं आहे ते इतक्या वर्षांत कुठं लिहिलं नाही. गूळ माझ्याही पुढ्यात होता. हात लांब केला की मिळेल एवढ्या अंतरावर. काय होतंय आणि काय करायला हवं हे त्या शिवारात फक्त मला पक्कं माहीत होतं. आणि माझा हात गुळापाशी जाऊन थांबला. मीही भवानीच्या मुलखात वाढलेला माणूस. लहानपणी तापात आईनं माझ्यासाठी देवीला बोललेले नवस मला आठवले. तळहातावरची ती हळदीची चिमूट मला पुन्हा जाणवली. किती वेळ थांबला म्हणाल तर दोन श्वास. तीनही असतील. डॉक्टरच्या हाताला तेवढाही वेळ थांबायची परवानगी नसते.

कौशी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द नीट कळले.

"आन तुमी घेतलीसा. मला कुनी इचारलं?"

आणि तिनं माझ्या पानावरचा गुळाचा अख्खा खडा ओढून तोंडात कोंबला.

हा लेख छापायला देण्याआधी मी कौसल्याबाईंना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, गूळ आबांच्या पानावरचा होता, कारण तो मोठा होता. असेल. मला माझ्या पानावरचाच आठवतो.

तिच्या तोंडून गुळाचा रस ओघळत होता आणि ती चावत होती. मग माझे हात सुटले. मी दुसरा खडा पाण्यात विरघळवून पेला तिच्या ओठाला लावला. थोड्या वेळानं तिची थरथर थांबली. कपाळ सुकलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "हुरडा भाजला का न्हाय अजून?"

सुंदराबाई तिला मिठी मारून हसायला लागली आणि थांबेचना. आबा हळूच म्हणाले, "म्हंजी... कुनी हातावर ठेवला न्हाय. तिनं तिचा घेतला. आन काय मोडली न्हाय म्हना."

"गप ऱ्हावा," सोनाआत्या म्हणाल्या. "बारा बाप्ये गूळ म्होरं घिऊन बसले हुते, आन् अक्कल एका पोरीला. त्यात एक डाक्टर बी हुता."

सगळे हसले. मीही हसलो, पण तिनं स्वतः ओढून घेतलेला तो घास मला अजून आठवतो.

त्याच दिवशी मी मात्रा उतरवली. पुढच्या शुक्रवारी गाव पुन्हा देवळात जमलं. घेतलेली आण उतरवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तशी वेळ गावावर कधी आली नव्हती. शेवटी सोनाआत्यांनी तोडगा काढला. प्रत्येक घरानं गुळाचा खडा देवीपुढं ठेवायचा आणि कौशीनं तो उचलून ज्याच्या त्याच्या हातावर द्यायचा. "घेनारी बी तीच, देनारी बी तीच. देवीला कळंल." कौशीनं सगळ्या गावाला गूळ वाटला. आबांना देताना म्हणाली, "एवडाच. जादा खाल्ला की मुंग्या लागत्यात." उरलेला एक खडा तिनं परकराच्या टोकाला गाठ मारून बांधला. तो कधी खायचा हे आता तिला सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं. या वेळी नीट, सगळं, तिलाच.

मग शिकवण्याचा सपाटा सुरू झाला. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब मोजून ती स्वतः नळी तापवायची. सुई टोचायचा सराव पिचकारीत पाणी भरून वांग्यांवर केला. तिनं आठवडाभर घरातलं एक वांगं सोडलं नाही. भरल्या वांग्याचं ताट समोर आलं की आबा म्हणायचे, "सुंदरा, येवडी टोचलेली वांगी खाल्ल्यावर मला आता सुई लागायची न्हाय." नाक्यावरच्या कारकुनाला मी हे सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की मागं उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेतून आरडाओरड झाली.

वर्ष-दीड वर्षानं उमरग्याच्या एका व्यापाऱ्यानं सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली. नाव नीला. तोच वास, तीच लाल वीट. हिलाही आधी सोलापूरला नेऊन आणलं होतं, पण घरी सुई म्हटलं की ती अंगणात पळायची. दवाखान्यात बापानं तिला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि ती घरच्या कानडीत ओरडत होती, "बेडा, बेडा."

मी खूप समजावलं. शहाणी आहेस म्हणालो. तिनं तोंड फिरवलं.

त्या दिवशी कौशी औषध न्यायला आली होती. दारात उभी राहून ऐकत होती. "काय म्हंती ती?"

"नको म्हणती," बाप म्हणाला. "रोज असंच. आमचं काही चालंना."

कौशी आत आली. नीलाच्या बापाला म्हणाली, "सोडा तिला, काका. धरलं की जादा दुखतंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कौशीची संध्याकाळच्या सुईची वेळ झालीच होती. तिनं फडताळातली उकळलेली पिचकारी मागून घेतली, बाटली उजेडाकडे धरून रेघ पाहिली, परकर गुडघ्याच्या वर सारला आणि मांडीत सुई घातली. चेहऱ्यावरची रेघही हालली नाही. मग रिकामी पिचकारी तिनं नीलाच्या हातात दिली. नीलानं ती उलटीपालटी करून पाहिली. दांडा ओढला, दाबला. मग तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

कौशी तिच्या कानाशी वाकली, पण आवाज काही तिनं बारीक केला नाही.

"डाक्टर चांगले हायती. जरा भित्यात. तू भिऊ नगंस, म्हंजी त्यांचा हात थांबत न्हाय."

नीलानं परकर वर केला आणि मला म्हणाली, "हं."